समुद्रातली शिल्लक

जगातल्या मासळीच्या किती साठ्यांत शाश्वत पद्धतीने मासेमारी होते, असे विचारले की आज लगेच एक टक्केवारी पुढे येते. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने (एफएओ) २०२५ मध्ये २,५७० साठ्यांची पाहणी प्रसिद्ध केली. तीत ६४.५ टक्के साठे सुरक्षित मर्यादेत, तर ३५.५ टक्के अतिमासेमारीने खालावलेले ठरले. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने (सीएमएफआरआय) भारताच्या १३५ साठ्यांचा २०२२ सालचा ताळेबंद मांडला, त्यात ९१.१ टक्के साठे सुस्थितीत निघाले. आणि पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत कुठल्याही बंदरावर विचारले, तर मच्छीमार सांगतात की पूर्वीसारखी मासळी राहिली नाही. या तिघांपैकी कोणावर विश्वास ठेवायचा, यावर वर्तमानपत्रांतून वाद झडतात. तिघे मोजतात मात्र तीन वेगळ्या गोष्टी, त्यामुळे तिघेही एकाच वेळी आपापल्या परीने बरोबर असू शकतात. म्हणून कुठल्याही मोजणीला आधी एक प्रश्न विचारायला हवा: साठा ढासळू लागला, तर ही मोजणी ते वेळेत सांगेल का? या कसोटीला उतरणाऱ्या मोजण्या जगात फार थोड्या आहेत, आणि नेमक्या आपल्यासारख्या उष्ण समुद्राच्या किनाऱ्यांवर त्या सर्वांत कमी आहेत.

समुद्र आटवता येतो हेच मुळात उशिरा मान्य झाले. १८८३ साली लंडनच्या मत्स्य प्रदर्शनात थॉमस हक्सलीसारख्या जीवशास्त्रज्ञाने कॉड, हेरिंग यांसारखी समुद्री मासळी माणसाच्या हातून संपणे शक्य नाही, असे जाहीर सांगितले होते. त्याचे उत्तर दोन महायुद्धांनी दिले. युद्धकाळात उत्तर समुद्रातली मासेमारी जवळपास थांबली, आणि युद्ध संपल्यावर जहाजे परत गेली तेव्हा जाळ्यात आधीपेक्षा जास्त आणि मोठी मासळी आली. कोणी न आखलेला हा प्रयोग दोनदा झाला आणि दोन्ही वेळा निकाल तोच लागला. पुढे १९५४ मध्ये मिल्नर शेफर यांनी याला गणिती रूप दिले. साठा अगदी भरलेला असताना त्याची वाढ मंदावलेली असते, अगदी कमी असताना वीण करणारी मासळीच थोडी असते, आणि मधे कुठेतरी वाढ सर्वाधिक असते. तेवढी वाढ दरवर्षी काढून घेता येते. हेच ‘महत्तम शाश्वत उत्पादन’. १९८२ च्या सागरी कायद्याच्या करारात ही कल्पना शिरली आणि तेव्हापासून ‘शाश्वत’ या शब्दामागे बहुतेक वेळा हाच आलेख उभा असतो. त्यातली मेख अशी की आलेख ज्यांवर उभा आहे ते दोन्ही आकडे कोणाला दिसत नाहीत. समुद्रात मासे किती आहेत आणि मासेमारी सुरू होण्यापूर्वी किती होते, हे दोन्ही अंदाजानेच काढावे लागते.

अंदाजाचा कच्चा माल म्हणजे किनाऱ्यावर उतरलेली मासळी. भारतात हे काम ज्या चिकाटीने होते ते समजून घेण्यासारखे आहे. किनाऱ्यावर मासळी उतरण्याची हजाराहून अधिक ठिकाणे आहेत. सगळीकडे रोज माणूस बसवणे अशक्य. म्हणून सीएमएफआरआयने नमुना पाहणीची पद्धत बसवली आहे. निवडलेल्या बंदरावर निरीक्षक पहिल्या दिवशी दुपारी बारा ते सहा उभा राहतो, दुसऱ्या दिवशी सकाळी सहा ते बारा, आणि मधल्या रात्री काय उतरले ते चौकशी करून लिहितो. पंधरापर्यंत होड्या आल्या तर प्रत्येक होडी टिपायची, जास्त आल्या तर ठरावीक अंतराने निवडायच्या. लिलावाची घाई, बर्फाच्या गाड्या, क्रेट उचलायला आलेले हात, या धांदलीत त्याने जाती ओळखायच्या आणि वजनाचा अंदाज घ्यायचा. त्यातून दरवर्षी देशाचा आकडा तयार होतो, २०२३ साठी तो सुमारे ३५ लाख टन होता. इतक्या विखुरलेल्या किनाऱ्यावर इतकी वर्षे सलग चाललेली अशी नोंद फार देशांकडे नाही. तरीही ही नोंद पासबुकातल्या काढलेल्या रकमांची आहे, खात्यातल्या शिलकेची नाही.

हा फरक किती दिशाभूल करू शकतो ते महाराष्ट्रानेच पाहिले. २०१८ मध्ये राज्यात २.९५ लाख टन मासळी उतरली होती. २०१९ मध्ये ती २.०१ लाख टनांवर आली, ४५ वर्षांतला नीचांक. बातम्यांचा सूर समुद्र रिकामा झाल्याचा होता. पण त्याच वर्षी अरबी समुद्रात ‘वायू’, ‘हिक्का’, ‘क्यार’ आणि ‘महा’ अशी चक्रीवादळे एकामागून एक आली आणि ऐन हंगामात होड्या बंदरात अडकून पडल्या. दिवस घटले की मासळी घटते, साठ्याला काही झालेले नसले तरी. उलटेही तितकेच खरे: होड्या वाढल्या, इंजिने मोठी झाली, फेऱ्या पंधरा-पंधरा दिवसांच्या झाल्या, तर साठा खाली जात असतानाही उतरणारी मासळी कित्येक वर्षे कायम राहू शकते. म्हणून शास्त्रज्ञ एका होडीमागे किंवा एका तासाच्या ओढीमागे किती मिळाले ते पाहतात. हे जास्त शहाणपणाचे खरे, पण होडी तीच राहत नाही. जीपीएस, फिशफाइंडर, जास्त अश्वशक्तीचे इंजिन, दिव्यांच्या झोतात मासळी गोळा करण्याची युक्ती, यांतली प्रत्येक गोष्ट एका तासाची ताकद वाढवते. एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर केंद्राने २०१७ मध्ये बंदी घातली. तोपर्यंतचा ‘एक तास’ आणि त्याआधीच्या दशकातला ‘एक तास’ एकाच रकान्यात मांडणे म्हणजे हिशेबाला लबाडी शिकवणे.

या चुकीची सर्वांत महाग किंमत कॅनडाच्या न्यूफाउंडलंडने मोजली. तिथल्या उत्तरी कॉडची मासेमारी १९६८ मध्ये सुमारे ८ लाख टनांवर पोहोचली होती, बहुतांश परदेशी जहाजांची. १९७७ मध्ये कॅनडाने २०० सागरी मैलांची हद्द घेतली, परदेशी जहाजे हटवली आणि साठा आता शास्त्रीय पद्धतीने सांभाळला जाईल अशी ग्वाही दिली. ती पोकळ नव्हती. हे जगातल्या सर्वांत जास्त मोजल्या गेलेल्या साठ्यांपैकी एक होते. शास्त्रज्ञांपुढे दोन पुरावे होते: संशोधन जहाजाने ठरावीक पद्धतीने ओढलेल्या जाळ्यांचा आणि व्यापारी ट्रॉलरना मिळणाऱ्या मासळीचा. पहिला निराशाजनक होता, दुसरा उत्साहवर्धक. दोन्हींचा मेळ घालून मधला आकडा काढला गेला. पण कॉड कमी होतो तेव्हा तो समुद्रभर विरळ होत नाही, उरलेले मासे दाट थव्यांनी एकत्र येतात, आणि ट्रॉलर नेमके त्या थव्यांवर जातात. शेवटचे थवे संपेपर्यंत जाळी भरत राहतात. किनाऱ्याजवळ लहान होड्यांनी मासेमारी करणारे लोक १९८० च्या दशकात ओरडून सांगत होते की कॉड लहान झाला आहे, कमी झाला आहे. त्यांची तक्रार पुष्कळ काळ किनाऱ्यापुरती मानली गेली. १९८९ मध्ये शास्त्रज्ञांनी आपला अंदाज निम्म्यावर आणला आणि १ लाख २५ हजार टनांची मर्यादा सुचवली. सरकारने २ लाख ३५ हजार टन ठरवले. २ जुलै १९९२ रोजी मासेमारी बंद झाली आणि सुमारे ३० हजार लोकांचे काम गेले. मोजणी होती, माणसे होती, पैसा होता. सर्वांत आधी इशारा देणाऱ्या पुराव्याला सर्वांत जास्त वजन द्यायचे, हा नियम तेवढा नव्हता.

या कथेचा पुढचा भाग कमी सांगितला जातो, आणि मला तो अधिक बोधक वाटतो. कॅनडाने २०२३ मध्ये उत्तरी कॉडच्या मूल्यमापनाचे प्रारूप बदलले. त्यात १९५४ पर्यंतची जुनी माहिती आली, आणि साठा ‘गंभीर’ मानण्याची रेषा खाली सरकली. परिणामी साठा ‘गंभीर’ वर्गातून ‘सावध’ वर्गात गेला, तोही मागील तारखेने, २०१६ पासूनच. २०२४ मध्ये १८ हजार टनांची मर्यादा ठेवून व्यापारी मासेमारी पुन्हा सुरू झाली. रेषा बदलण्यामागे शास्त्रीय कारणे होती, ती कारस्थान म्हणून उडवून लावणे अन्यायाचे होईल. पण वर्ग बदलला तेव्हा समुद्रातले मासे त्या प्रमाणात बदललेले नव्हते, हेही खरे. ‘शाश्वत’ हा शिक्का साठा आणि रेषा या दोघांतल्या अंतरावर बसतो, आणि रेषा माणसे आखतात. याहून अस्वस्थ करणारा निष्कर्ष ग्रॅहम एडगर आणि सहकाऱ्यांनी २०२४ मध्ये ‘सायन्स’मध्ये मांडला. त्यांनी २३० साठ्यांची त्या-त्या वेळी केलेली मूल्यमापने आणि नंतर जास्त माहिती हाती आल्यावर केलेली मूल्यमापने शेजारी ठेवली. खालावलेल्या साठ्यांबाबत चूक एकाच दिशेने झुकलेली निघाली: त्या वेळी साठा होता त्यापेक्षा बरा दिसत होता, आणि ‘सुधारणा’ म्हणून नोंदलेली चढण काही ठिकाणी पुढे नाहीशीच झाली. म्हणजे ज्या वेळी इशारा हवा असतो, त्याच वेळी पद्धत आशावादी होते.

याचा अर्थ मोजणी निरुपयोगी आहे असा कोणी काढला तर तोही चुकेल. रे हिलबोर्न आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये दाखवले की जगातल्या ज्या साठ्यांचे रीतसर मूल्यमापन होते, म्हणजे एकूण मासेमारीच्या साधारण निम्म्याचे, ते सरासरीने वाढत आहेत. अमेरिकेत २००० पासून २०२३ अखेर ५० साठे पुन्हा उभे राहिले असे तिथले सरकारी खाते सांगते, कारण तिथे साठा ठरावीक रेषेखाली गेला की मासेमारी कमी करणे कायद्याने बंधनकारक आहे. ईशान्य प्रशांत महासागरात एफएओच्या मोजणीत ९२.७ टक्के साठे सुरक्षित आहेत, भूमध्य आणि काळ्या समुद्रात फक्त ३५.१ टक्के. त्यामुळे जगाची सरासरी काढून आनंद किंवा दुःख करण्यात फारसे हशील नाही. शिवाय साठे मोजायचे की टन, यानेही चित्र पालटते: उतरलेल्या वजनाने पाहिले तर ७७.२ टक्के मासळी सुरक्षित साठ्यांतून येते, कारण अलास्का पोलॉकसारखे मोठे साठे चांगले सांभाळलेले आहेत. एका लहान गावाचे पोट ज्या साठ्यावर चालते तो या वजनी टक्केवारीत दिसतही नाही.

आपल्याकडचा समुद्र या पद्धतींना आणखी एका कारणाने दाद देत नाही. थंड पाण्यातल्या माशाच्या डोक्यात, कानाजवळ, एक चुनखडीचा खडा असतो. तो आडवा कापून सूक्ष्मदर्शकाखाली धरला की हिवाळ्याचे गडद आणि उन्हाळ्याचे फिके वलय दिसते. वलये मोजली की वय कळते. हजारो खडे कापून कोणत्या वयाचे मासे किती उरले याची नोंद ठेवली की मृत्युदर काढता येतो. कोकणच्या समुद्रात ऋतूंचा तसा कडक फरक नाही, वलये धूसर पडतात, आणि आपल्या पुष्कळ मासळीचे आयुष्यच दोन-तीन वर्षांचे. ट्रॉलरच्या एका ओढीत कित्येक जाती एकत्र येतात. एका जातीसाठी आखलेली मर्यादा दुसरीसाठी फास ठरू शकते. म्हणून १९८० च्या आसपास डॅनिएल पॉली आदींनी उष्ण समुद्रांसाठी वयाऐवजी लांबी वापरणाऱ्या पद्धती तयार केल्या, आणि २००४ मध्ये रायनर फ्रोझे यांनी त्याहून साधे तीन प्रश्न सुचवले: पकडलेल्या माशांपैकी किती प्रौढ झाले होते, किती योग्य आकाराचे होते, आणि मोठ्या जुन्या माद्यांना वाचायला वाव आहे का. यासाठी मोजपट्टी बसवलेली फळी पुरते.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो जोरदार आहे. मासळी कमी-जास्त होण्याचा दोष मासेमारीलाच का द्यायचा? केरळमध्ये २०१२ मध्ये सुमारे ३.९ लाख टन तारली उतरली. २०२१ मध्ये ३,२९७ टन. पुढच्या दोन वर्षांत ती पुन्हा लाखाच्या वर गेली. एवढी उसळी मारणाऱ्या साठ्याला अतिमासेमारीने संपवले असे म्हणणे अवघड आहे. तारली वर्षभरात प्रौढ होते, पाऊस, एल निनो आणि किनाऱ्यालगत वर येणारे गार पाणी यांवर तिचे सारे अवलंबून. यांत्रिक होड्या येण्यापूर्वी, १९४० च्या दशकातही ती अशीच दिसेनाशी झाली होती. आक्षेप मान्य करावा लागतो, पण त्यातून निघणारा निष्कर्ष उलटा आहे. निसर्गानेच जो साठा इतका हेलकावतो, त्याच्यासाठी ‘सरासरी वर्षी किती काढता येईल’ हा आकडा जवळपास निरर्थक आहे. वाईट वर्षात किती कमी करायचे हे आधी ठरलेले असणे जास्त महत्त्वाचे. निसर्गाचा फटका आणि पिल्लांची मासेमारी एकाच वर्षी आली तर काय होते, याची परीक्षा आपण वेळोवेळी घेत असतो आणि उत्तरपत्रिका तपासत नाही.

दुसऱ्या टोकाचे उदाहरण शिंगाळ्याचे. या माशाचा नर अंडी तोंडात घेऊन उबवतो. १९८० च्या सुमारास कर्नाटक किनाऱ्यावर नव्याने आलेल्या पर्ससीन जाळ्यांनी असे अंडी धरलेले नर प्रचंड प्रमाणात उपसले. त्या वर्षांची उतरलेल्या मासळीची आकडेवारी पाहिली तर ती भरभराट दिसते. साठ्याच्या बाबतीत ती त्याची अखेर होती, कारण नंतर तिथला शिंगाळ्याचा धंदाच बसला. सीएमएफआरआयच्या शास्त्रज्ञांनी हा धोका तेव्हाच लिहून ठेवला होता. निव्वळ टनांची नोंद असे काही सांगूच शकत नाही. ते कळते कोणीतरी माशाचे तोंड उघडून पाहिले म्हणून.

आता ९१.१ टक्क्यांकडे परत येऊ. हा आकडा खोटा आहे असे मानण्याचे कारण नाही. पण तो मुख्यतः बंदरांवर गोळा केलेल्या नोंदींवर उभा आहे, आणि तो आजच्या समुद्राची तुलना करतो ती नोंदी सुरू झाल्यानंतरच्या समुद्राशी. एखादी जात त्याआधीच विरळ झाली असेल, किंवा इतकी कमी येत असेल की तिचे मूल्यमापन करण्याइतकी माहितीच नाही, तर ती १३५ च्या यादीत बसत नाही. टक्केवारी उरलेल्यांची निघते. मच्छीमाराची तक्रार यातूनच समजते. एकूण टन तेवढेच राहिले आणि होड्या दुप्पट झाल्या तर साठा सुरक्षित आणि होडीवाला कंगाल, दोन्ही एकदम खरे. मोठ्या घोळीच्या जागी लहान राणीमासे आले तर वजन जमते, पैसा जमत नाही. त्याच्या आठवणीला मर्यादा आहेत हे खरेच. चांगले हंगाम मनात ठसतात, आणि पर्ससीनवाल्यांशी त्याचे भांडण असेल तर साक्ष एकांगी होते. पण न्यूफाउंडलंडमध्येही हेच म्हटले गेले होते. साक्ष पुरावा मानायची नसेल तर निदान तपासायचा मुद्दा मानावी.

खर्चाचा आक्षेप उरतो. संशोधन जहाजाने दरवर्षी ठरलेल्या जागी ठरलेल्या पद्धतीने जाळे ओढून पाहणे महाग आहे, आणि १३५ साठ्यांसाठी ते शक्य नाही. मुंबईत मुख्यालय असलेल्या भारतीय मत्स्य सर्वेक्षण संस्थेकडे जहाजे आहेत. ती नवी मासळी शोधण्यापेक्षा काही निवडक साठ्यांवर सलग नजर ठेवण्यासाठी वापरली तर मिळणारी माहिती व्यापारी मासेमारीच्या मोहापासून मुक्त असेल. बाकीच्यांसाठी लांबीची मोजणी पुरे. महाराष्ट्राने २०२३ मध्ये ५४ जातींसाठी किमान कायदेशीर आकार ठरवला आणि त्याच वर्षी पापलेटला राज्यमासा केले. नियमाची अंमलबजावणी होते की नाही यावर भरपूर बोलले जाते. तो लागू झाल्यावर पापलेटची सरासरी लांबी वाढली का, हे सांगणारी मोजणी मात्र नियमाबरोबर जोडलेली नाही. पापलेट बाजारात वजनाच्या प्रतीनुसार विकले जाते, म्हणजे आकारांची विभागणी खरेदीच्या वह्यांत रोज लिहिली जाते. मच्छीमार सहकारी संस्थांच्या त्या वह्या वर्षावर्षाने लावल्या तर मोठ्या प्रतीचा वाटा कधी घसरू लागला हे जवळपास फुकटात कळेल, आणि डोल जाळ्यांत सापडणाऱ्या पिल्लांचा वाद अंदाजांवर लढवावा लागणार नाही.

हे लवकर करायला हवे, याला आणखी एक कारण आहे. जागतिक व्यापार संघटनेचा मत्स्य अनुदानांचा करार सप्टेंबर २०२५ मध्ये अमलात आला. त्यात अतिमासेमारीने खालावलेल्या साठ्यांवरच्या मासेमारीला अनुदान देण्यास मनाई आहे, आणि साठा खालावला आहे की नाही हे सांगण्याचा अधिकार मुख्यतः किनारी देशाचा. म्हणजे करार स्वीकारणाऱ्या देशांत डिझेलच्या परताव्यासारखे अनुदान आणि मूल्यमापनाचा अहवाल यापुढे एकमेकांशी जोडले जातील. ज्या सरकारला अनुदान चालू ठेवायचे आहे त्यालाच साठा ठणठणीत असल्याचे प्रमाणपत्र द्यायचे असेल, तर त्या प्रमाणपत्रामागचे लांबीचे आकडे, होड्यांच्या फेऱ्या आणि गृहीतके बाहेरच्या कोणालाही तपासता आली पाहिजेत. भारतात आज अहवाल छापला जातो. त्यामागची बंदरवार कच्ची नोंद सहज हाती लागत नाही. निदान पापलेट, बोंबील, बांगडा आणि तारली या चारांची नोंद खुली केली, आणि कोणता आकडा किती खाली गेला की किती दिवस मासेमारी कमी करायची हे हंगामाआधी छापून ठेवले, तर पुढच्या २०१९ ला समुद्र रिकामा झाला की वादळे आली हा वाद दोन आठवड्यांत मिटेल.